डबल बेल

स्टॉपची लाल पाटी दिसली आणि सावळीराम थांबले. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, गाडी पूर्ण उभी, गियर न्यूट्रल, दोन्ही हात स्टेअरिंगवर. इंदिरानगरात त्या पाटीला एवढा मान कुणी देत नाही. लोक ब्रेकला पाय लावल्यासारखं करतात, हॉर्न दाबतात आणि घुसतात.

मागच्या सीटवरून त्यांची लेक निकिता सगळं बारकाईनं बघत होती. गेल्या महिन्यात याच चौकात अण्णांनी दूधवाल्याची मोटारसायकल घासली होती. दूधवाल्याचं खरचटण्यावर निभावलं, पण धाकट्या रोहितनं बंगळुरूहून फर्मान काढलं, "ताई, तू नाशिकला जा आणि अण्णांकडून चावी काढून घे." चावी मागायचा तिला काही धीर होत नव्हता. अण्णांचा अख्खा जन्म एस.टी. चालवण्यात गेलेला. म्हणून आज भाजी आणायच्या निमित्तानं ती त्यांच्या गाडीत बसली होती.

रस्ता मोकळा झाला. गाडी जागची हलली नाही. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना.

"अण्णा, चला ना. कुणी नाहीये."

अण्णा ढिम्म. रोहितचंच खरं, अण्णा थकले, असं वाटून निकिताचे डोळे भरून आले.

एवढ्यात पुढे बसलेल्या कुसाबाईंनी दारावर बोटांनी दोनदा टकटक केलं. गाडी निघाली.

"आई, हे काय होतं?"

"डबल बेल. कंडक्टरनं बेल दिल्याबिगर हे गाडी हलवीत नाय. तो रिक्षावाला बोंबलेना का."

"अगं, पण ही काय एस.टी. आहे?"

"ते तू त्यांनाच सांग."

पुढच्या स्टॉपच्या पाटीलाही तोच प्रकार. सावळीरामांनी उजवीकडे नीट पाहिलं. डावीकडे मात्र त्यांनी मान वळवली नाही. मणक्याच्या दुखण्यामुळे ती तिकडे वळतच नव्हती. डावीकडचा रस्ता कुसाबाई बघत होत्या, काच खाली करून, पुढे वाकून. निकिताला रस्ता रिकामा दिसत होता. तरी बेल नाही. ती बोलणार तोच कंपाउंडच्या भिंतीआडून सायकलवर दोन मुली सुसाट आल्या आणि खिदळत समोरून गेल्या.

मग टकटक.

निकितानं हळूच विचारलं, "आणि दूधवाल्याच्या वेळी?"

"तवा मी देवळ्याला गेलते, भाचीच्या साखरपुड्याला," कुसाबाई म्हणाल्या.

"थांबलो होतो मी," सावळीराम म्हणाले. "चांगला थांबलो होतो. पण मागचे सगळे कोकलायला लागले. शेवटी निघालो. बेल नसताना निघालो, चूक माझीच."

घरापाशी त्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि मागे न बघताच चावीचा हात मागे केला.

"घे. रोहितनं कशाला पाठवलंय ते कळतं मला. दोन जुड्या मेथीसाठी कुणी एवढ्या लांबून येतं होय?"

निकितानं चावी घेतली. या माणसाला आपण पोरांनी एकदा समोर बसवून काय झालं ते विचारलंसुद्धा नाही, याची तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त माया दाटून आली. ती पुढे वाकली आणि चावी आईच्या मांडीवर ठेवली.

"चावी आता आईकडे राहील. ती बसल्याशिवाय गाडी निघणार नाही. रोहितला मी सांगते."

कुसाबाईंनी चावी पर्समध्ये टाकली आणि चेन ओढून घेतली. मग सावळीरामांनी घसा खाकरला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि डेपोत साहेबापुढे उभं राहावं तशा अदबीनं बायकोला विचारलं,

"उद्या मला कुठली ड्यूटी देताय?"