मुक्कामाला मनाई

डोंगरावरच्या उद्यानाचं फाटक लावायला निघालेल्या रखवालदाराला ती गाडी आजही दिसली. काचांना आतून चादरी, टपावर बर्फ. कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणत त्यानं काच ठोठावली. आतल्या बाईनं ती बोटभर उघडली. “गाडीत झोपायला मनाई आहे. पाटी वाचली नाहीत?” “बर्फ बघायला आलोय हो.” “अंधारात?” त्यानं टॉर्च मारला. मागे शाळेचा गणवेश टांगलेला, खाली मुलगी कुडकुडत बसलेली. “आम्ही गाडीतच राहतो,” ती म्हणाली. आईनं डोळ्यांनी दटावलं. रखवालदार वरमला. “चौकीत हीटर आहे. तिथं झोपा.” “आणि तुम्ही?” बाईचा आवाज धारदार झाला. त्यानं किल्ली फटीतून आत टाकली. “मी घरी जातो. आतून कडी लावा.” दोघी चौकीत शिरल्या. कडी वाजली, मग दाराला टेबल लावल्याचा आवाज आला. “बाई शहाणी आहे,” पुटपुटत तो उतरणीला लागला.