सुरातलं रडणं

अर्नेस्टीन बोलिन पुन्हा सुरात रडली.

शवपेटीवर वाकून तिने मुलाच्या नावाने हंबरडा फोडला. तो वर चढला, टोकाला जरासा थरथरला आणि असा काही घरंगळत खाली आला, की मागच्या बाकांवरच्या बायकांनी नकळत त्याच्याखाली हुंकार धरला. दोघीतिघींनी माना डोलावून ‘आमेन’ही म्हटलं. दिग्दर्शक यूबँक्सने ‘कट’ म्हटलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

मेम्फिसच्या त्या चर्चमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं. बाकांवर बसवलेल्या बायका काही नट्या नव्हत्या. त्याच चर्चच्या सेवेकरी होत्या. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, सगळं घरचं. कपडेपटाचा खर्च वाचला म्हणून निर्माता त्यांच्यावर खूश होता. यूबँक्सने त्यांना पुन्हा एकदा समजावलं, की बाई गात नाहीये, रडतेय, तिचा मुलगा गेलाय, तेव्हा कृपा करून साथ देऊ नका.

त्यांच्यातली थोरली, जिला सगळं चर्च मानाने ‘मदर’ म्हणायचं ती मदर पिकेट, म्हणाली, “लेकरा, ती रडली की आम्ही गप्प बसू. तू आधी तिला सांग.”

बायका हसल्या. अर्नेस्टीनही हसली, पण खुर्चीवर टेकली नाही. बाकांमधल्या वाटेने दारापर्यंत जायचं, तिथून पेटीपर्यंत यायचं, हॅटची काळी जाळी वर करायची, खाली करायची. पावडर लावणारी मुलगी डबी घेऊन तिच्या मागे फिरून दमली.

तिचे सहा सिनेमे झाले होते. एकात ती गाणारी वेट्रेस होती, एकात गाणारी नन. एकात तर तुरुंगाची अधिकारी होती, तीही जिना उतरता उतरता गायली. दर वेळी पोस्टरवर नाव मोठं, आणि परीक्षणात अभिनयाबद्दल अवाक्षर नाही. आवाजाचं कौतुक मात्र भरभरून. हा सातवा सिनेमा तिने एकाच अटीवर घेतला होता, गाणं नको. निर्मात्याने अट हसत हसत मान्य केली, आणि तरी आज ऑर्गनवर एक वादक आणून बसवला. असू दे, बसलाय बिचारा, म्हणाला. ही माणसं कधी तोंडावर नाही म्हणत नाहीत. आपल्याला हवं ते जवळपास मांडून ठेवतात आणि वाट बघतात.

आता निर्माता यूबँक्सच्या कानाशी लागला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. शवपेटीवर हात ठेवून दोन कडवी, बस्स. लोक रुमाल काढतील. यूबँक्सने चर्च संध्याकाळपर्यंतच भाड्याने घेतलं होतं. त्याने अर्नेस्टीनकडे न बघता सांगितलं, की अजून एकदा करू, नाहीच जमलं तर गाणं घेऊ.

अर्नेस्टीन मदर पिकेटच्या बाकाशी थांबली. “मदर, माझं चुकतंय कुठे?”

“चुकत नाहीये, तीच तर पंचाईत आहे. इतकं गोड रडतेस, की मेलेल्यालाही बरं वाटेल.”

पुढच्या वेळी बायकांनी शब्द पाळला. हंबरडा नेहमीसारखाच वर चढला, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. एकीने तर हातमोजा तोंडावर दाबून धरला. ऑर्गनवाल्याला मात्र कुणी काही बजावलं नव्हतं. चर्चमध्ये आवाज एकटा सोडायचा नाही, एवढंच त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने हळूच, मायेने, खाली सूर भरला.

अर्नेस्टीन थांबली. तिने वळून ऑर्गनकडे पाहिलं. मुलाच्या पेटीपाशीसुद्धा तिला साथीदार मिळाला होता.

मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो कुठल्याच पट्टीतला नव्हता. जड कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा होता. तो मध्येच तुटला, पुन्हा आला. ती पेटीच्या कडेला धरून खाली बसत गेली. ऑर्गनवाल्याने हात उचलले. कुणी हुंकार दिला नाही.

बायका उठल्या. त्यांना कुणी खूण केली नव्हती. आपल्यातलं कुणी खरंच कोसळलं, की त्याला चारचौघांच्या नजरेआड करायचं, हे त्यांचं जन्माचं काम. एकीने हॅट काढून घेतली, एकीने गुडघ्यांवर कापड टाकलं, एक वारा घालू लागली. बाकीच्या खांद्याला खांदा लावून कडं करून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याला दिसत होत्या नुसत्या पांढऱ्या पाठी, आणि पलीकडून तो आवाज येत होता.

निर्मात्याने कपाळाला हात लावला. ना चेहरा, ना गाणं. यूबँक्सने कॅमेरा चालू ठेवायची खूण केली आणि बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. एकीनेही मान वळवली नाही.

कड्याच्या आत मदर पिकेट गुडघ्यांवर बसली होती. अर्नेस्टीनच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. मदरने बाहीतून रुमाल काढला, तसं अर्नेस्टीनने तिचं मनगट धरलं.

“पुसू नका.” तिला धड श्वासही घेता येत नव्हता. “यांना बाजूला करा. बघू दे त्यांना.”

“अशी?”

“अशीच. सहा सिनेमे गायलेय मी याच्यासाठी.”

मदर पिकेट तिच्याकडे बघत राहिली. हे रडणं खरं की कामाचं, तिला क्षणभर ठरवता येईना. मग तिने रुमाल परत बाहीत खोचला आणि बायकांना मानेनेच खुणावलं. त्या एकेक करून सरकल्या. सर्वांत शेवटी ती स्वतः उठून बाजूला झाली.

चर्चमधली सगळी माणसं अर्नेस्टीनकडे बघत होती. मदर पिकेटने तेवढं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.