दोन मिलिमीटर

साहेब, मशीनची तपासणी व्हायची आहे हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत. फळी उसळून दादाचा हात करवतीत गेला आणि दुसऱ्याच सकाळी तुम्ही मला दुरुस्तीला बोलावलंत. झिजलेली बेअरिंगं मी बदलली. फळी ज्याला टेकवून सरकवतात ते गाईड मागच्या टोकाला पात्याकडे दोन मिलिमीटर झुकलं होतं, त्यातच फळी अडकली होती. बरा झाला की भाऊ याच मशीनवर उभा राहणार, म्हणून मी ते जीव ओतून सरळ बसवलं. केसाचाही फरक ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी तपासनीस आले, मोजून बघितलं आणि 'मशीन निर्दोष, चूक कामगाराची' असं लिहून मोकळे झाले. मी दोन मिलिमीटरचं सांगायला गेलो तर म्हणाले, "दाखवा, कुठे आहेत?" जुनी बेअरिंगं तुम्ही तोवर भंगारात घातली होती.

दादाची नोकरी गेली. काल डाव्या हाताने चहा पिताना म्हणाला, "कुठल्या शहाण्याने एवढी घाई केली रे? तू असतास तर तपासणीआधी पान्याला हातसुद्धा लावला नसतास."

बोला साहेब, त्याला काय सांगू?