गुरुपौर्णिमेचा नमस्कार

"पाया पडायला कमीपणा वाटतो का गं?" सुवर्णा मॅडमनी विचारलं आणि हॉलमधली कुजबुज एकदम थांबली.

गंगापूर रोडवरच्या त्या मुलींच्या होस्टेलमध्ये गुरुपौर्णिमेला रेक्टरच्या पाया पडायची पद्धत होती. एकेक मुलगी गुलाब द्यायची, वाकायची, पेढा घ्यायची. पल्लवीने गुलाब दिला आणि उभीच राहिली. डोळे बारीक केलेले, हात नुसते जोडलेले.

"वाकता येत नाय, मॅडम. मान लय दुखते."

"परवा कबड्डीत बरी वाकत होतीस!"

मुली फिदीफिदी हसल्या. मॅडमचा पारा आणखी चढला. सुरगाण्याच्या या पोरीला होस्टेलात जागा मिळावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला होता. तिनेच चारचौघींत आपलं नाक कापावं? त्यांनी पेढ्याचा हात मागे घेतला. "आधी वाकायला शीक," म्हणाल्या आणि तिला खोलीवर पिटाळलं.

जेवणाच्या वेळी तिची रूममेट वेदिका धावत आली. पल्लवी तापाने फणफणली होती, उलट्या होत होत्या, दिवा लावला की डोळे झाकून घेत होती.

"मॅडम, मेनिंजायटिस तर नसेल ना?"

"त्याची लस मीच टोचवलीय ना तुम्हा सगळ्यांना? मग कुठून येणार? सगळी नाटकं आहेत. तापाची गोळी दे आणि झोपव."

त्या लशीच्या कॅम्पसाठी मॅडमनी जिवाचं रान केलं होतं. तो विषय निघाला की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. वेदिका मान खाली घालून परत गेली.

सकाळी पल्लवी बरळत होती. पायांवर जांभळे डाग उठले होते आणि बोटाने दाबले तरी ते जात नव्हते. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. पायात चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. अँब्युलन्स द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली, तेव्हा त्या पल्लवीचा हात धरून देवाचा धावा करत होत्या.

"मेनिंजायटिसच आहे, मेंदूच्या आवरणाला सूज आलीय," डॉक्टर म्हणाले.

"पण लस दिली होती हो!"

"दिली ते चांगलंच केलंत. पण हा आजार करणारे जंतू अनेक, लस त्यातल्या काहींवरच चालते. लक्षणं दिसली की लगेच आणायचं असतं."

दुपारी पल्लवीचे वडील हिरामण पोचले. वेदिकाने मॅडमकडे बोट दाखवताच ते सरळ त्यांच्या पायाशी वाकले आणि त्या अनवाणी पायांवर त्यांनी डोकं टेकवलं.

"तुमी होत्या म्हणून पोर दवाखान्यात तरी आली. लय उपकार झाले, मॅडम."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेदिका भिंतीकडे बघत होती.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "पुढचे काही तास अवघड आहेत. मला एक नीट सांगा. तिची मान कधीपासून वाकत नव्हती?"

"मला काय ठावं?" हिरामण उठत म्हणाले. "मॅडमलाच इचारा. त्यांचं लय ध्यान असतं पोरींवर."

सुवर्णा मॅडमनी पदर तोंडाशी धरला.

"काल संध्याकाळपासून," त्या म्हणाल्या. "माझ्या पाया पडायला आली होती ना, तेव्हापासून."