दुसरा कप

आमच्या गावात स्कीवरून मारलेली उडी अजून माणसंच मोजतात. उतारावर जो तो आपल्या वाटच्या मीटरच्या आकड्यापाशी उभा राहतो. माजी विजेता इल्पो मात्र सगळ्यांच्या पार खाली, त्याच्याच सत्त्याण्णव मीटरच्या विक्रमापाशी, एकटा. सोबत थर्मास आणि दोन कप. एकतीस वर्षं दुसरा कप कोराच घरी जातोय.

"इल्पो, वर ये की! तिथं कोण कडमडणारे?"

"बघू."

म्हातारा विक्रमावर पहारा देतोय, असंच सगळे समजत.

काल गावातली पोरगी वेन्ला उडी मारून उतरली आणि इल्पोनं हात वर केला. "अठ्ठ्याण्णव!"

ती धापा टाकत परत चढून आली. "आजोबा, खरंच?"

"आधी कॉफी घे. बस."



पंचाण्णववरची तिची बर्फातली खूण त्यानं बुटानं केव्हाच पुसली होती.