आपलेसाहेब

“आपला सर्व्हर कुठे आहे?” दारातूनच त्याने विचारलं.

“आमचा त्या खोलीत आहे,” वहिनी म्हणाली. “तुमचा कुठे आहे, मला काय माहीत?”

तो हसला. बॅग टेबलावर आदळून त्याने खुर्ची ओढली, आणि तीही नेमकी वहिनीची. तिथूनच दोघांचं फाटलं.

ऑफिस फर्निचरच्या दुकानाच्या वर होतं. लिफ्टची दारं कधी उघडायची, कधी मिटायची, हे ठरवणारे प्रोग्रॅम तिथे लिहिले जात. कंपनी वहिनीच्या थोरल्या दिरांची. घरात कुणाला न विचारता त्यांनी ती एका बड्या कंपनीला विकली आणि हात झटकून मोकळे झाले. मागे राहिली सात माणसं आणि वहिनी. ते सातही जण तिला वहिनीच म्हणत. सर्व्हर तिने स्वतः उभा केला होता. प्रोग्रॅममधली कुठली ओळ कुणी बदलली, कधी बदलली, सगळं त्यात जपलेलं असे. बिघडलं तर कालच्यावर परत जाता येई. त्या खोलीत चप्पल घालून गेलेलंही तिला खपत नसे.

बड्या कंपनीच्या शाखा गावोगावी होत्या. आता सगळ्यांचं काम एकाच ठिकाणी जमा होणार होतं. मुख्य सर्व्हर हेड ऑफिसात, शाखांमध्ये नुसत्या त्याच्या नकला. ते जोडून द्यायला हा आला होता. आपली टीम, आपला कोड, आपली माणसं. तोंडातून दुसरा शब्द नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसने त्याचं बारसं करून टाकलं: आपलेसाहेब.

वहिनीला हसू आलं नाही. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. नव्या सर्व्हरवर माणसाला दोनपैकी एक हक्क मिळे, लिहिण्याचा किंवा नुसता वाचण्याचा. ज्याला लिहिता येईल त्याला काम राहील. नुसतं वाचणाऱ्याला पगार कशाला द्यायचा, हे आज ना उद्या कुणीतरी विचारणारच होतं.

“सातही जणांना लिहिता आलं पाहिजे,” तिने बजावलं. “त्याशिवाय आमचं एक अक्षर तिकडे जायचं नाही.”

“अहो मॅडम, आपलीच माणसं ना ती? परकी आहेत का?”

“गोड बोलू नका. हो की नाही, तेवढं सांगा.”

“हो. माझा शब्द आहे.”

“तुमच्या शब्दाला तिकडे कुत्रं तरी विचारतं का?”

हे मात्र त्याला झोंबलं. “निम्मी हयात घातलीय मी तिथे,” तो म्हणाला. “बाकीच्या सगळ्या शाखा मीच जोडल्यात. आपल्याकडे माझा शब्द कुणी खाली पडू देत नाही.”

सर्व्हरचा पासवर्ड द्यावा तर लागणारच होता. दिरांनी सह्या करून ठेवल्या होत्या. वहिनीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, त्याच्याकडे पाठ केली आणि पासवर्ड घातला. सगळं तिकडे जायला दुपार गेली. तोवर त्याला कुणी चहा सोडा, पाणीसुद्धा विचारलं नाही. काम संपल्यावर त्याने जुन्या सर्व्हरवरचं मूळ काम पुसून तिथे हेड ऑफिसची नक्कल ठेवली. वहिनी खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

“चला, आता तपासून घेऊ,” तो म्हणाला.

वहिनीने एक ओळ बदलली आणि नव्या सर्व्हरवर पाठवली. पडद्यावर उमटलं: परवानगी नाही.

“हाच का तुमचा शब्द?”

“थांबा हो. तुमचंच काहीतरी चुकलं असेल. सरका.”

त्याने स्वतःच्या नावाने पाठवून पाहिलं. परवानगी नाही. मग पासवर्ड एकेक अक्षर बघून पुन्हा घातला. तेच. त्याने हेड ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“तुम्हीच ऐका, म्हणजे तरी विश्वास बसेल,” तो वहिनीला म्हणाला. मग फोनकडे वळला. “साहेब, आपल्याकडे सगळं पोचलं ना?”

“पोचलं. छान काम केलंत.”

“लिहिण्याचं तेवढं अडतंय. इथल्या लोकांचंही आणि माझंही.”

“अडलेलं नाही. आम्हीच बंद केलंय.”

“पण साहेब, माझं कशाला...”

“तुमची नोंद आता त्या शाखेत केलीय. त्या शाखेचं काय करायचं, ते आमचं ठरलंय. तुम्हा सगळ्यांना एकदमच कळवू.”

फोन बंद झाला. त्याने फोन हातात धरून ठेवला, जणू तो परत वाजणार होता.

वहिनीच्या जिभेवर बरंच काही साठलं होतं. त्याची चांगली खरडपट्टी काढायची, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. तेवढ्यात त्याने वर पाहिलं.

“आता आपलं काय व्हायचं हो, वहिनी?”

सकाळपासून त्याच्या ‘आपलं, आपलं’ने तिचं डोकं उठलं होतं. आता पहिल्यांदाच ते खरं होतं.