ठसठशीत अक्षरं

इलोइलो शहरातल्या अंधकेंद्रात मी कॉम्प्युटर शिकवते. मी स्वतः जन्मांध. आज आन्सेल्मो सर आले, वर्तमानपत्रातले निवृत्त मुद्रितशोधक, दृष्टी वर्षभरात अधू झालेली. त्यांना निवडायला मी दोन कॉम्प्युटरांवर दोन वेगवेगळे डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरच्या बोलक्या मांडण्या, लावले: एक देखणा, पण अडखळत बोलणारा, दुसरा साधा, पण प्रत्येक बटण वाचून दाखवणारा. "आवाज बंद करा, मॅडम. मला दिसतं अजून," सर म्हणाले. मी केला. जरा वेळाने म्हणाले, "हा पहिलाच घेतो. अक्षरं कशी ठसठशीत आहेत." तेवढ्यात त्यांची बायको कॉफी घेऊन आली. "अहो, दोन्ही स्क्रीन बंदच आहेत की." मला त्या लागत नाहीत, चालू करायच्याच राहून गेल्या. मग चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला. "जो जास्त बडबडतो तो द्या, मॅडम," सर म्हणाले. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, सवय आहे."